शिक्षकाचे आरोग्य आणि योगचिकित्सा

प्राथमिक शिक्षकाचे मुख्य साधन कोणते, असे विचारले असता फळा, खडू, पाठ्यपुस्तक, तक्ते अशी उत्तरे येतात. वस्तुतः त्याचे पहिले साधन म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर व मन होय. कंठ बसला की पाठ बसतो; पाठ दुखू लागली की वर्गात फिरणे थांबते; रात्री झोप लागली नाही की सकाळी मुलांच्या साध्या चुकीवरही राग येतो. शिक्षकाच्या प्रकृतीचा परिणाम असा सरळ मुलांच्या शिक्षणावर होत असतो. यास्तव शिक्षकाने आपल्या आरोग्याची काळजी घेणे हा केवळ त्याचा घरगुती प्रश्न नसून तो त्याच्या कर्तव्याचाच एक भाग आहे.

या कामी योगाभ्यासाचे साह्य किती होऊ शकते आणि त्याची मर्यादा कोठे येते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

एक उदाहरण

एका द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींचे वय पन्नाशीला पोचलेले. दोन वर्ग एकत्र शिकवावयाचे, दुपारच्या आहाराचा हिशेब ठेवावयाचा, रात्री मोबाइलवर माहिती भरून पाठवावयाची, वर निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे. डोके जड राहू लागले म्हणून ते प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, तेव्हा रक्तदाब वाढलेला आढळला. रोज एक गोळी सुरू झाली.

पुढे तालुक्याच्या गावी झालेल्या एका योगशिबिरास ते गेले. तेथील पहाटेची हवा, शांतता व आसने यांनी त्यांना खरोखरच बरे वाटले. घरी येऊन त्यांनी नेमाने अभ्यास सुरू केला आणि त्याचबरोबर मनाशी ठरवून गोळी बंद केली. “आता औषधाची गरज नाही,” असे त्यांनी सहशिक्षिकेस सांगितले. बाई म्हणाल्या, “गुरुजी, डॉक्टरांना विचारलंत का?” गुरुजी हसले व म्हणाले, “बरं वाटतंय, मग विचारायचं कशाला?”

तीन आठवड्यांनी परिपाठ चालू असताना त्यांना घेरी आली. बाईंनी मुलांना वर्गात बसविले, गावातील एका गृहस्थाची गाडी मागविली आणि गुरुजींना आरोग्य केंद्रात नेले. रक्तदाब वरचा 180 व खालचा 110 भरला. डॉक्टरांनी विचारले, “गुरुजी, गोळी कोणी बंद केली?” गुरुजींजवळ उत्तर नव्हते.

या प्रसंगात दोष योगाचा होता काय? नाही. मग गोळीचा होता काय? तोही नाही. ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ या दोन गोष्टी एकच आहेत, हा समज येथे दोषी होता. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच त्रास देत नाही; तो यंत्रानेच मोजावा लागतो. योगचिकित्सेचा अभ्यास करणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

योगचिकित्सा म्हणजे काय

पतंजलींच्या योगसूत्रांत साधनेच्या मार्गात येणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांतील पहिला अंतराय व्याधी हा आहे. त्यानंतर मनाचे जडत्व, संशय, आळस इत्यादींचा उल्लेख येतो. या अंतरायांबरोबर दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासातील बिघाड ही लक्षणेही नोंदलेली आहेत. मन अस्वस्थ झाले की श्वास बिघडतो व शरीर थरथरते, हे प्राचीनांच्या निरीक्षणास आले होते, असे यावरून दिसते.

तथापि योगाचा मूळ हेतू रोग बरा करणे हा नव्हता. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान व समाधी या आठ अंगांचा रोख चित्ताच्या स्थैर्याकडे आहे. त्या वाटेवर शरीराची जी सुधारणा होते, तिचा रोग्याच्या हितासाठी पद्धतशीर उपयोग करणे, यास योगचिकित्सा म्हणतात. तिच्यात तीन गोष्टी एकत्र येतात: मनाची योग्य वृत्ती घडविणे, आसन व प्राणायाम यांनी स्नायू, मज्जासंस्था व ग्रंथी यांना नवे वळण लावणे, आणि योग्य आहार व मलविसर्जनाकडे लक्ष देणे. यांतील एकच गोष्ट उचलून बाकीच्या दोन सोडल्या, तर ती योगचिकित्सा न राहता केवळ व्यायाम होतो.

लोणावळ्याचे कार्य

योगाला प्रयोगशाळेत नेण्याचे काम महाराष्ट्रात एका शिक्षकाच्या हातून झाले, ही गोष्ट शिक्षकवर्गाने अभिमानाने स्मरावी अशी आहे. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 1883 साली झाला. संस्कृतचा त्यांचा व्यासंग मोठा होता. बडोद्यास प्राध्यापक माणिकराव यांच्याकडे त्यांनी भारतीय व्यायामाचे शिक्षण घेतले आणि पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगाचे. मधल्या काळात खानदेशात अमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले. हेच गृहस्थ पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आले.

गुरूने सांगितले म्हणून ते खरे, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. उड्डियान व नौली या क्रिया करताना शरीराच्या आत काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी 1920 नंतरच्या काळात क्ष-किरणांचा व दाबमापक साधनांचा उपयोग केला. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. 1924 साली त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. प्रयोगांची आकडेवारी त्यात प्रसिद्ध होऊ लागली. 1927 साली महात्मा गांधींना रक्तदाबाचा त्रास झाला, तेव्हा त्यांनी स्वामींशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला होता. 1963 साली स्वामी कुवलयानंद व डॉ. विनेकर यांचा योगचिकित्सेवरील ग्रंथ केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यातर्फे प्रसिद्ध झाला. 1966 साली स्वामींचे निधन झाले. संस्थेचे कार्य पुढे चालू राहिले.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी वेगळ्या अंगाने भर घातली. बालपणी ते स्वतः अनेक आजारांनी खंगलेले होते. 1937 साली ते पुण्यास योगशिक्षक म्हणून आले. ज्याचे शरीर वाकत नाही अशा माणसानेही आसनाचा लाभ घ्यावा, म्हणून त्यांनी खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळा व घोंगडी यांचा उपयोग रूढ केला. शरीरास आसनाच्या साच्यात कोंबावयाचे नसून आसन शरीराच्या शक्तीप्रमाणे जुळवून घ्यावयाचे, हा त्यातील बोध आहे. चांगला शिक्षक मंदगती मुलासाठी पाठ सोपा करतो, तसाच हा प्रकार होय.

पुरावा कसा पाहावा

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकविले. डॉ. विनेकर हेही या कार्यात होते. हा अभ्यास 1969 साली प्रसिद्ध झाला. काही रुग्ण औषध घेत नव्हते, काहींचा दाब औषधाने ताब्यात होता, तर काहींचा औषध घेऊनही ताब्यात नव्हता. अभ्यासानंतर अनेकांचा रक्तदाब उतरला आणि अनेकांचे औषध कमी करता आले. सर्वांना मात्र सारखा गुण आला नाही.

या अभ्यासातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली अशी की, औषध कमी करण्याचा निर्णय तेथे डॉक्टरांनी दाब मोजून घेतला. रुग्णाने आपल्या मनाने घेतला नाही. दुसरी अशी की, 47 ही संख्या लहान आहे. वर्गातील पाच मुलांचे पेपर तपासून साऱ्या तालुक्याचा निकाल कोणी जाहीर करीत नाही. चांगल्या प्रयोगाने आशा वाढते. पण तो मोठ्या संख्येवर, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, पुन्हा करून पाहावा लागतो.

त्यानंतरच्या काळात असे पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांचा सारांश असा: जुनाट कंबरदुखीत योगाभ्यासाने दुखणे थोडे कमी होते व हालचाल सुधारते. अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने 2017 साली जुनाट कंबरदुखीसाठी औषधाच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत योगाचा समावेश केला. मनावरील ताण, झोप व सौम्य रक्तदाब यांतही योगाचे साह्य होते. परंतु मधुमेह, क्षय, कर्करोग, अपस्मार किंवा हृदयविकार योगाने समूळ नाहीसा होतो, यास पुरावा नाही. अशा रोगांत योग हा औषधाचा सोबती आहे. त्याची जागा घेणारा नव्हे.

हे कसे घडते

श्वास ही क्रिया अशी आहे की, ती आपोआप चालते आणि मनुष्यास ती आपल्या इच्छेने बदलताही येते. प्रौढ मनुष्य स्वस्थ असता मिनिटास सामान्यतः 12 ते 20 वेळा श्वास घेतो. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते व सोडताना किंचित कमी होते. उच्छ्वास लांबविला की शरीरास विश्रांती देणाऱ्या मज्जातंतूंचे कार्य वाढते, नाडी मंदावते आणि स्नायूंचा ताण उतरतो. राग वा धास्ती यांत याच्या उलट घडते. आसनांनी आखडलेले स्नायू सैल होतात व दुबळे स्नायू सबळ होतात. यात चमत्कार काही नाही, सराव आहे. पाढे जसे रोज म्हटल्याने येतात, तसे शांत होणेही रोजच्या सरावानेच येते.

अर्ध्या तासाचा क्रम

शिक्षकाचे शरीर उभे राहून, फळ्यावर हात उंच करून व खाली वाकून वह्या तपासून थकते. त्यास अनुसरून पुढील क्रम सुचविला आहे. तो पहाटे, पोट रिकामे असताना, सतरंजीवर करावा. पूर्ण जेवणानंतर निदान तीन ते चार तास जाऊ द्यावेत.

1. शवासन, 3 मिनिटे. उताणे निजून हातपाय सैल सोडावेत. श्वास मोजू नये, नुसता पाहावा.

2. ताडासन, 3 वेळा. दोन्ही हात वर ताणून उभे राहावे. फळ्यावर लिहून एका खांद्यास आलेला ताण येथे दोन्ही बाजूंस समान होतो.

3. पवनमुक्तासन, एकेका पायाने 3 वेळा. गुडघा छातीकडे आणावा. ओढाताण करू नये.

4. भुजंगासन, 3 वेळा. बेंबीपर्यंतचा भाग जमिनीवरच ठेवून छाती थोडीच उचलावी. वाकून वह्या तपासणाऱ्या पाठीस हे उलट वळण मिळते.

5. वक्रासन, दोन्ही बाजूंस 2 वेळा. अर्धमत्स्येंद्रासनाचे हे सोपे रूप होय.

6. सुखासनात किंवा खुर्चीवर ताठ बसून 5 मिनिटे दीर्घ श्वसन. तीन अंक मोजीपर्यंत श्वास घ्यावा व सहा अंक मोजीपर्यंत सोडावा. श्वास कोंडू नये.

7. भ्रामरी, 5 वेळा. ओठ मिटून उच्छ्वासाबरोबर मंद गुंजारव करावा. ओरडून शिणलेल्या कंठास हळुवार स्वराची आठवण यामुळे होते. कंठ बसलेला असल्यास तो बरा होईपर्यंत ही क्रिया सोडून द्यावी.

8. शवासन, 8 ते 10 मिनिटे. पायापासून कपाळापर्यंत एकेक अवयव मनाने सैल करीत जावा. वेळ कमी पडल्यास इतर आसने कमी करावीत. हे मात्र गाळू नये.

कोणतीही स्थिती श्वास सहज चालेल इतकीच ठेवावी. श्वास अडखळू लागला की मर्यादा ओलांडली, असे समजावे. दुखत असताना जोर लावणे ही साधना नव्हे, अविचार आहे.

कोणी काय टाळावे

उच्च रक्तदाब, हृदयविकार व काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासन व सर्वांगासन करू नये. कपालभाती, भस्त्रिका व कुंभकही त्यांनी टाळावे. मणक्याची गादी सरकली असल्यास पुढे वाकण्याची व पिळाची आसने वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नयेत. अंतर्गळ असल्यास अथवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली असल्यास पोटावर दाब देणारी आसने वर्ज्य समजावीत. गर्भवती शिक्षिकांनी पालथे निजण्याची आसने, पोटाच्या क्रिया व कुंभक सोडून, डॉक्टरांच्या संमतीने केवळ सौम्य आसने व साधे श्वसन करावे. गर्भ वाढल्यावर उताणे न निजता डाव्या कुशीवर विश्रांती घ्यावी. छातीत कळ, दम लागणे, घेरी किंवा हातपाय बधिर होणे यांपैकी काही घडल्यास अभ्यास तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा.

नोंदवहीचे महत्त्व

मुलाची प्रगती शिक्षक नोंदीवाचून सांगत नाही. स्वतःच्या प्रकृतीलाही तोच नियम लावावा. एका वहीत तारीख, अभ्यासाची मिनिटे, झोपेचे तास, दुखण्याचे प्रमाण आणि, रक्तदाब असल्यास, आरोग्य केंद्रात मोजलेले आकडे लिहावेत. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. आहारातही जुनी सवय तपासून पाहावी. प्रौढ मनुष्यास दिवसाकाठी मीठ सर्व मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड व वरून घेतलेले मीठ यांतच ते पुष्कळदा ओलांडले जाते.

मनाची बाजू

योगसूत्रांत चित्ताच्या प्रसन्नतेसाठी चार भावना सांगितल्या आहेत: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, सद्गुणी माणसाविषयी मुदिता आणि दुर्वर्तनाविषयी उपेक्षा. शिक्षकाचा वर्ग ही या चारांची रोजची कार्यशाळा आहे. हसतखेळत येणाऱ्या मुलाशी मैत्री करावी. उपाशी आलेल्या मुलाविषयी करुणा बाळगावी. स्वतःपेक्षा सुंदर अक्षर काढणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहून आनंद मानावा. उपेक्षा म्हणजे चुकीकडे डोळेझाक नव्हे; चूक सुधारावी, पण तिचा सल घरी नेऊ नये, एवढाच तिचा अर्थ. शाळेचा राग उशाशी घेऊन निजणाऱ्यास कोणतेही आसन पुरेसे होणार नाही.

शिक्षकाच्या शब्दाची जबाबदारी

खेड्यात शिक्षकाचा शब्द मोठा असतो. “गुरुजींनी सांगितले” एवढ्यावर लोक विश्वास ठेवतात. म्हणून आपल्याला आलेला गुण सांगताना शिक्षकाने फार जपावे. त्याने सहज म्हटले की, “माझी गोळी योगाने सुटली,” तर ते ऐकून एखादी आई मधुमेही मुलाचे इन्सुलिन बंद करील, किंवा क्षयाचा रोगी अर्ध्यावर औषध सोडील. त्याचे फळ जीवघेणे ठरू शकते. मुलांना सोपी आसने, ताठ बसणे व शांत श्वसन अवश्य शिकवावे. 2015 पासून दरवर्षी 21 जूनला आंतरराष्ट्रीय योगदिन पाळला जातो, त्या दिवशी गावकऱ्यांसही बोलवावे. परंतु रोगावर उपाय सांगणे हे शिक्षकाचे काम नव्हे. योग्य दवाखान्याची वाट दाखविणे हे मात्र निश्चितच त्याचे काम आहे.

प्रारंभी सांगितलेल्या गुरुजींनी हेच केले. गोळी पुन्हा सुरू झाली. अभ्यासही सोडला नाही. वही घातली. चार महिन्यांनी त्यांचा रक्तदाब आटोक्यात आला, झोप सुधारली आणि वर्गातील आवाज उतरला. त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, आता गोळी बंद करायची का?” डॉक्टर वही चाळून म्हणाले, “नाही गुरुजी. दोन्ही चालू ठेवा. दोघांचं छान जमलंय.” पुढे गावच्या पालकसभेत गुरुजींनी आपली घेरी येण्याची गोष्ट स्वतः उभे राहून सांगितली. आपली चूक चारचौघांत सांगणे सोपे नसते. त्या सभेनंतर दोन वृद्ध गावकरी थांबविलेली औषधे पुन्हा घेऊ लागले. त्यांना ते धैर्य उपयोगी पडले.

शिक्षण परिषदेतील चर्चेसाठी प्रश्न

1. ‘बरे वाटणे’ व ‘बरे होणे’ यांतील भेद आपल्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

2. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या शवासनाच्या अभ्यासातून काय सिद्ध होते व काय होत नाही?

3. आपल्या केंद्रातील शिक्षकांच्या सामान्य तक्रारी कोणत्या? वरील क्रमातील कोणते आसन कोणत्या तक्रारीस उपयुक्त व कोणास वर्ज्य, याचा तक्ता तयार करा.

4. एखाद्या पालकाने मुलाचे औषध बंद करून केवळ योग करावा काय, असे विचारल्यास शिक्षकाने कोणत्या शब्दांत उत्तर द्यावे? ते उत्तर लिहून सभेत वाचा.

5. एक महिनाभर स्वतःची नोंदवही ठेवा आणि पुढील परिषदेस ती बरोबर आणा.